वर पायथन, खाली सी: जीडीबी आणि आरआर या जोडीबद्दल

माझं काम सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमा घेणाऱ्या एका प्रोग्रॅमवर चालतं. पडद्यावरची बटणं, फायली, नोंदी हा सगळा भाग पायथनमध्ये आहे. प्रतिमा साफ करणारा भाग सी++मध्ये, पायबाइंड११ या जोड-लायब्ररीने जोडलेला. कॅमेऱ्याशी बोलणारी लायब्ररी सीमध्ये, आणि तिला आम्ही पायथनच्या सीटाइप्समधून हाक मारतो. म्हणजे एका प्रोसेसमध्ये तीन भाषा, आणि तिन्ही एकमेकींच्या मेमरीत ये-जा करणाऱ्या.

अशा प्रोग्रॅममध्ये क्रॅश एका भाषेत होतो आणि चूक दुसऱ्या भाषेत असते. दरवेळी नाही, पण ज्या बगांनी माझे आठवडे खाल्ले ते सगळे याच जातीचे होते. म्हणून डीबगर, म्हणजे चालता प्रोग्रॅम थांबवून आत बघू देणारं साधन, निवडताना मी एकच प्रश्न विचारते: प्रोग्रॅम थांबवल्यावर मला दोन्ही बाजूंचा स्टॅक, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठल्या फंक्शनला बोलावलं त्याची रांग, एकाच जागी, एकाच क्षणाचा दिसतो का? जीडीबी हा डीबगर, त्याच्यासोबत पायथनची स्वतःची जीडीबी-स्क्रिप्ट आणि प्रोग्रॅमची धाव नोंदवून पुन्हा चालवणारा आरआर, या तिघांनी मला या प्रश्नाचं सर्वांत भक्कम उत्तर दिलं. ही जोडणी काही वर्षं रोज वापरल्यावर लिहिते आहे. लिनक्सवरच्या पायथन आणि सी/सी++ मिश्रणासाठी मी ती मनापासून सुचवते. जावा किंवा गोसाठी इतक्या सहज सुचवणार नाही, त्याचं कारण पुढे येईल.

जीडीबी जुना आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ मध्ये लिहिला. पण आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष २००९. त्या वर्षीच्या ७.० आवृत्तीत जीडीबीच्या पोटात पायथन आलं, म्हणजे जीडीबीला नवीन कमांड शिकवण्यासाठी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिता येऊ लागली. पायथन बनवणाऱ्यांनी याचा उत्तम उपयोग केला. पायथनच्या सोर्समध्ये टूल्स फोल्डरात जीडीबी नावाचा फोल्डर आहे आणि त्यात लिबपायथन नावाची एक स्क्रिप्ट. ती जीडीबीत चढवली की पाय-बीटी, पाय-लिस्ट, पाय-अप, पाय-डाउन, पाय-प्रिंट आणि पाय-लोकल्स या कमांड मिळतात.

पहिल्यांदा पाय-बीटी चालवलं तो क्षण मला नीट आठवतो. त्याआधी साधं बीटी, म्हणजे स्टॅक दाखवायची जीडीबीची कमांड, दिलं की चाळीस-पन्नास फ्रेम्स (स्टॅकमधल्या पायऱ्या) यायच्या, आणि त्यांतल्या बहुतेक पायथनच्या इंटरप्रिटरच्या आतल्या. माझ्या प्रोग्रॅमचं नावगाव त्यात कुठेच नाही. पाय-बीटीने त्याच क्षणाचं पायथनचं चित्र समोर ठेवलं: फाइल, ओळीचा क्रमांक, फंक्शन आणि ती ओळ जशीच्या तशी. पाय-अपने मी एक पायथन फ्रेम वर जाते, पाय-लोकल्सने तिथली चलं बघते, आणि मग साधं अप किंवा डाउन देऊन शेजारच्या सीच्या फ्रेममध्ये उतरते. डीबगर न बदलता.

या स्क्रिप्टची सगळ्यांत मोलाची गोष्ट मला उशिरा कळली. ती प्रोसेसमधलं कुठलंही फंक्शन चालवत नाही, फक्त मेमरी वाचून पायथनच्या ऑब्जेक्टचा अर्थ लावते. त्यामुळे ती कोअर फाइलवरसुद्धा, म्हणजे क्रॅशच्या क्षणी डिस्कवर उतरवलेल्या मेमरीच्या प्रतीवरसुद्धा, चालते. प्रोसेस मरून दोन दिवस झालेले असोत, मरताना पायथन कुठल्या ओळीवर होतं ते तुम्ही विचारू शकता. डीबगिंगसाठी प्रोसेस जिवंत लागते असं मानत आलेल्या माझ्यासारखीला हे फार मोठं होतं.

आता तो बग, ज्याच्यामुळे हे लिहायला बसले.

आमचा प्रोग्रॅम तासन्‌तास नीट चालायचा आणि मग अचानक सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीत नको तिथे हात लावल्याची चूक) देऊन बंद पडायचा. कधी वीस मिनिटांनी, कधी सहा तासांनी. लॉगमधली शेवटची ओळ दरवेळी वेगळी. मी पायथनची बाजू बघते आणि माझा एक सहकारी सी-सी++ची. त्याने आपल्या भागाच्या सगळ्या चाचण्या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या ॲड्रेस सॅनिटायझरखाली चालवल्या, स्वच्छ. मी माझ्या भागात खोटी सी लायब्ररी लावून रात्रभर चालवलं, स्वच्छ. ती लायब्ररी हाक मारताच जागच्या जागी प्रतिमा परत द्यायची, तिला स्वतःचा थ्रेड (प्रोसेसमध्ये इतरांसोबत स्वतंत्रपणे चालणारा प्रवाह) नव्हता, हे तेव्हा मला खटकलं नाही. "तुझ्या बाजूला बघ" हे वाक्य आम्ही दोघांनी एकमेकांना किती वेळा ऐकवलं असेल! दोघांकडेही पुरावा होता आणि दोघांचाही पुरावा खरा होता. बिघाड दोन भागांच्या मधल्या फटीत होता आणि ती फट कुणाच्याच चाचणीत येत नव्हती.

पायथनमध्ये ३.३ पासून फॉल्टहँडलर आहे. क्रॅश होताना तो सगळ्या पायथन थ्रेड्सचा स्टॅक छापतो. मी तो चालू केला. ज्या थ्रेडमध्ये क्रॅश झाला त्याच्यासमोर त्याने एवढंच लिहिलं की इथे पायथनची एकही फ्रेम नाही. तेव्हा मी निराश झाले होते. आज वाटतं, सगळ्यांत मोठा धागा तोच होता: पडलेला थ्रेड पायथनने सुरू केलेला नव्हता, तो कॅमेऱ्याच्या लायब्ररीचा होता आणि पायथनच्या दारात पाय ठेवतानाच पडला होता.

कोअर फाइल जीडीबीत उघडली. पडलेल्या थ्रेडचा स्टॅक खालून वर वाचला तर असा: लायब्ररीचा प्रतिमा पोचवणारा लूप, त्यावर भाषांमधल्या हाका जुळवणारी लिबएफएफआय, त्यावर सीटाइप्सचा कॉलबॅक (सीने उलट बोलवायचं पायथन फंक्शन) हाताळणारा कोड, आणि सगळ्यांत वर पायथनच्या 'हे ऑब्जेक्ट कॉल कर' या फंक्शनमध्ये शून्य पत्त्याला हात. सीटाइप्समधून सीला कॉलबॅक दिला की मागे थंक नावाचं एक छोटं ऑब्जेक्ट तयार होतं आणि त्यात कुठलं पायथन फंक्शन बोलवायचं त्याचा पत्ता असतो. त्या रकान्यात शून्य होतं. मग सगळ्या थ्रेड्सवर एकदम पाय-बीटी चालवलं. मुख्य थ्रेड आमच्या स्वयंचलित एक्स्पोजरच्या फंक्शनमध्ये, लायब्ररीकडे नवा कॉलबॅक नोंदवण्याच्या ओळीवर उभा होता.

संशय तिथेच आला. पण ते शून्य कुणी लिहिलं? कोअर फाइल मृत्यूचा क्षण दाखवते, त्याच्या आधीचा एक मायक्रोसेकंदही दाखवत नाही. इथे आरआरची गरज लागते.

आरआर मोझिलामध्ये तयार झाला आणि २०१४ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तो तुमचा प्रोग्रॅम चालताना बाहेरून आत येणारी प्रत्येक अनिश्चित गोष्ट नोंदवून ठेवतो: सिस्टिम कॉल्सची उत्तरं, सिग्नल्स, थ्रेड केव्हा बदलला. मग तीच धाव जशीच्या तशी, हवी तितक्या वेळा, पुन्हा चालवता येते आणि समोर जीडीबीच असतो. प्रत्येक रिप्लेमध्ये मेमरीचे पत्तेसुद्धा तेच राहतात. सकाळी कागदावर टिपलेला पत्ता दुपारी चालतो. आणि उलट जाता येतं: रिव्हर्स-स्टेप, रिव्हर्स-कंटिन्यू.

पण पहिल्या प्रयत्नात आरआर आमच्याकडे चाललाच नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर थेट मेमरीत प्रतिमा ओततो, आणि नोंदणीच्या बाहेरून कुणी मेमरीत लिहिलं तर आरआरला ते कळत नाही. मग आम्ही कॅमेऱ्याची जागा घेणारी एक छोटी सी लायब्ररी लिहिली. ती डिस्कवरच्या प्रतिमा वाचून स्वतःच्या थ्रेडमधून, त्याच पद्धतीने कॉलबॅक करते. एक दिवस गेला, पण नंतर तिने तो अनेकपट परत दिला.

दुसरी अडचण अशी की आरआर सगळे थ्रेड्स एकाच कोअरवर, आळीपाळीने चालवतो. थ्रेड्सच्या शर्यतीतून होणारे बग त्यामुळे लपून बसू शकतात. आरआरखाली नोंदवलेल्या माझ्या पहिल्या तीन धावा क्रॅशशिवाय संपल्या. मग केऑस मोड लावला. त्यात आरआर थ्रेड्सची पाळी मुद्दाम वेडीवाकडी बदलतो. त्या मोडमधली दुसरीच धाव पडली. आता तो बग माझ्या डिस्कवर, एका फोल्डरात, बंद होता. मी उठून सहकाऱ्याला बोलावलं.

रिप्ले सुरू केला, क्रॅशपर्यंत गेले. थंकच्या त्या शून्य असलेल्या रकान्यावर वॉचपॉइंट (ती जागा बदलली की थांबवणारी खूण) लावला आणि रिव्हर्स-कंटिन्यू दिलं. काळ मागे गेला, थ्रेड आपोआप बदलला, आणि जीडीबी थांबला तो थेट थंक मोडून टाकणाऱ्या फंक्शनमध्ये, शून्य लिहिलं जात असताना. तिथे पाय-बीटी दिलं. समोर माझीच ओळ: नवा कॉलबॅक बनवून तो जुन्याच्याच नावात ठेवणारी. त्या नेमणुकीने जुन्या कॉलबॅकचा शेवटचा संदर्भ सुटला आणि पायथनने त्याला मोकळं केलं. पायथनच्या नियमांनुसार सगळं बरोबर.

पूर्ण क्रम असा होता. एक्स्पोजर बदलायची वेळ आली आणि मुख्य थ्रेड हिशेब करत होता, म्हणजे जीआयएल, एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप, त्याच्याकडे. नेमक्या त्याच वेळी कॅमेऱ्याच्या थ्रेडने जुन्या कॉलबॅकमध्ये प्रवेश केला आणि जीआयएलची वाट बघत दारात उभा राहिला. जुन्या थंकचा पत्ता त्याच्या हातात होता. मुख्य थ्रेडने नवा कॉलबॅक जुन्याच्या जागी ठेवला, जुना मोडला. पुढची ओळ नोंदणीची. सीटाइप्स परकं फंक्शन बोलावताना जीआयएल सोडतं, तसा तो सुटला. दारात उभा असलेला थ्रेड आत आला आणि मोडलेल्या थंकला हात लावला. पायथनमध्ये थ्रेड्सच्या अदलाबदलीचा ठरलेला अवधी ५ मिलिसेकंदांचा असतो, म्हणून वाट बघणारा थ्रेड जास्तीत जास्त साधारण तेवढाच वेळ दारात असणार. त्या तेवढ्या फटीत प्रतिमा आली तरच क्रॅश. वीस मिनिटं ते सहा तास या लहरीपणाचं कारण एवढं सरळ निघालं.

सीटाइप्सच्या दस्तऐवजात स्पष्ट इशारा आहे की सी कोड कॉलबॅक वापरत असेपर्यंत त्याचा संदर्भ तुम्ही धरून ठेवा. मी तो वाचला होता आणि पाळलाही होता, असं मला वाटत होतं. संदर्भ मी चलात ठेवलाच होता. 'वापरत असेपर्यंत' म्हणजे नवी नोंदणी होईपर्यंत, असा अर्थ मी लावला. खरा अर्थ होता, जुन्या कॉलबॅकमधला शेवटचा थ्रेड बाहेर पडेपर्यंत. लायब्ररीत नोंदणी काढणारं एक फंक्शन आहे आणि ते आत असलेल्या कॉलबॅकला संपू देतं. ते आधी बोलवायचं, मग जुना संदर्भ सोडायचा. दुरुस्ती दोन ओळींची. नोंदणी काढणारं ते फंक्शनही सीटाइप्सच्या साध्या सीडीएलएल मार्गाने बोलवायला हवं, कारण त्याचा दुसरा मार्ग, पायडीएलएल, जीआयएल धरून ठेवतो आणि मग दोघं एकमेकांची वाट बघत कायमचे अडकतील.

आम्ही दोघं एकाच पडद्यासमोर बसून हे बघत होतो. कुणाची बाजू हा प्रश्न त्या दुपारी संपला, कारण दोन्ही बाजू एकाच स्टॅकमध्ये दिसत होत्या.

आता जुळवाजुळवीचा त्रास. तो आहे, आणि पहिल्याच तासात अनेकजण सोडून देतात म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पायथनची चिन्हं, म्हणजे डीबग सिम्बॉल्स, नसतील तर पाय-बीटी काहीच उपयोगाचं नाही. जीडीबी १० पासून डीबगइन्फोडी नावाच्या सर्व्हरवरून ती आपोआप उतरवता येतात, तुमच्या लिनक्समध्ये ती सोय चालू असेल तर. नसेल तर पायथनचं डीबग पॅकेज वेगळं टाका. दुसरं, सुरक्षेसाठी जीडीबी अनोळखी फोल्डरमधली स्क्रिप्ट आपोआप चढवत नाही. तो तसा इशारा छापतो, पण तो पहिल्या पानभर मजकुरात वाहून जातो आणि आपण पाय-बीटी टाकल्यावर अशी कमांडच नाही असं उत्तर येतं. जीडीबीच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये ऑटो-लोड सेफ-पाथची एक ओळ लिहिली की प्रश्न मिटतो. तिसरं, स्क्रिप्ट आणि पायथन एकाच आवृत्तीचे हवेत. पायथनच्या आतली रचना सतत बदलते. ३.११ मध्ये तर पायथनमधून पायथन फंक्शन बोलावताना सीच्या स्टॅकवर नवी फ्रेम पडणंच बंद झालं, एका सी फ्रेममागे अनेक पायथन फ्रेम्स असू शकतात. जुनी स्क्रिप्ट नव्या पायथनवर चालवली तर चुकीचं चित्र मिळतं, आणि डीबगरमध्ये चुकीचं चित्र हे काहीच न मिळण्यापेक्षा वाईट.

सी++ भाग कडक ऑप्टिमायझेशनने बांधला असेल तर निम्म्या चलांपुढे 'ऑप्टिमाइझ्ड आउट' येईल. मी डीबगिंगसाठी वेगळी बांधणी ठेवते, ऑप्टिमायझेशनच्या 'ओजी' पातळीवर. आरआरला प्रोसेसरचे परफॉर्मन्स काउंटर्स लागतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये ते पुष्कळदा झाकलेले असतात, आणि कर्नलची पर्फ-इव्हेंट-पॅरानॉइड ही सेटिंग १ किंवा त्याखाली आणावी लागते. लिनक्सबाहेर आरआर नाहीच.

हँग झालेल्या, पण न पडलेल्या प्रोसेससाठी मी आधी पाय-स्पाय वापरते. डंपसोबत नेटिव्हचा पर्याय दिला की तो बाहेरूनच दोन्ही भाषांचा स्टॅक दाखवतो. निम्म्या वेळा तेवढंच पुरतं. विंडोजवर काम असेल तर व्हिज्युअल स्टुडिओत पायथन आणि सी++ एकत्र डीबग करण्याची सोय आहे. तिथे पायथनच्या ओळीवरून थेट सी++मध्ये पाऊल टाकता येतं, आणि ते बघून हेवा वाटतो.

जावासाठी मी जीडीबीकडे सहसा जात नाही. हॉटस्पॉट जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारी प्रणाली) नल तपासण्यासाठी सेगमेंटेशन फॉल्टचा सिग्नल मुद्दाम वापरतं, त्यामुळे जीडीबी जोडला की तो निरुपद्रवी जागांवर पुन्हापुन्हा थांबतो. त्या सिग्नलवर थांबू नकोस असं सांगावं लागतं, आणि मग खरा क्रॅशही त्याच गर्दीत येतो. जेआयटीने, म्हणजे चालता चालता यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या भागाने, बनवलेल्या फ्रेम्सच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. जेएनआयच्या, म्हणजे जावा-सी जोडणीच्या, बगांसाठी आधी एक्सचेक-जेएनआय हा पर्याय लावून बघा आणि मिश्र स्टॅकसाठी जावासोबत येणाऱ्या जेएचएसडीबीमधला जेस्टॅक, मिक्स्ड पर्यायासह. गोचंही तसंच: गोची स्टॅक आणि थ्रेड्स हाताळण्याची पद्धत जीडीबीला नीट समजत नाही. गोची बाजू डेल्व्ह या गोच्या डीबगरला नीट समजते, सीगोच्या, म्हणजे गो-सी जोडणीच्या, पलीकडची सीची बाजू जीडीबीला. दोन्ही एकत्र दाखवणारं काही अजून माझ्या हाती लागलेलं नाही.

पायथन आणि सीसाठीसुद्धा एक उणीव मला रोज जाणवते. पायथनसोबत येणाऱ्या त्या स्क्रिप्टमध्ये बघण्याच्या कमांड आहेत, चालण्याच्या नाहीत. पायथनच्या अमुक ओळीवर थांब किंवा पुढच्या पायथन ओळीपर्यंत जा असं जीडीबीला सांगता येत नाही. मी पायथनमध्ये हव्या त्या ओळीआधी एक निरुपद्रवी सी फंक्शन बोलावते आणि त्यावर जीडीबीचा ब्रेकपॉइंट लावते. काम होतं, पण त्यासाठी कोडला हात लावावा लागतो, आणि नोंदवून ठेवलेल्या आरआरच्या धावेत हा उपाय चालत नाही, कारण ती धाव आता बदलता येत नाही. पाय-ब्रेक आणि पाय-स्टेप या दोन कमांड त्या स्क्रिप्टमध्ये कुणी घातल्या तर त्या तपासून बघायला माझ्याकडे तो जुना क्रॅश अजून डिस्कवर जपून ठेवलेला आहे.